डिसेंबरात पंखा लावणाऱ्या बायका : अनुभव धागा

पाळी जायच्या वयात नागपूरच्या बाईला अंगातून वाफा निघून राहिल्यात हे कळायलाच उशीर होतो. मार्च ते जून घामाचा दोष उन्हाळ्याला, मग उकाड्याला, मग ऑक्टोबर हीटला. 47व्या वर्षी आख्खा मे मी कूलरच्या तोंडाशी काढला आणि म्हटलं, नवतपा आहे बाप्पा. मग डिसेंबर आला. बाहेर पारा 9वर, घरातले सगळे रजईत, आणि मी रात्री दोनला पंखा पाचवर करून बसलेली. लेक उठून आली, "आई, काय करून राहिली तू?"

पाळी तेव्हा सुरूच होती, दोन-तीन महिन्यांआड, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. (सलग 12 महिने आली नाही की मगच ती गेली म्हणायची. हा तमाशा त्याच्या बराच आधी सुरू होतो.) डॉक्टरांकडे मी झोपेची गोळी मागायला गेले होते. त्यांनी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड सगळं करायला लावलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168! वर्षभरापूर्वी ऑफिसच्या तपासणीत 121 होतं, खाणं तेच. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन उतरलं की यकृत रक्तातलं एलडीएल पूर्वीसारखं उचलत नाही, हे तेव्हा कळलं. वाफांचा बोभाटा होतो, हे मात्र गुपचूप होऊन जातं.

तर लिहा. वाफा, चिडचिड लिहाच, पण साखरेचं, कमरेचं, हाडांचं काय झालं तेही, आठवत असतील तर आकड्यांसकट. नाव नको, आपला भाग लिहा.

मानेवाडा, शिक्षिका, 52
माझं परकराच्या नाडीपासून सुरू झालं. वजन दोनच किलो वाढलेलं, पण कंबर 78 सेंमीवरून 89. नितंबांवरची चरबी उठून पोटात जाऊन बसली. आपल्याकडच्या बाईसाठी 80च्या वर धोका धरतात. उपाशीपोटी साखर 112, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.2. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

"चाला," म्हणाले. चालले. अंबाझरीला रोज 40 मिनिटं, चार महिने. 6.1. तलाव काही माझी साखर पिऊन घेत नव्हता. मग शेजारच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं की जेवणातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, आणि या वयात तेच झडायला लागतात. तुम्ही चालता, पण वजन कुठे उचलता? तेव्हापासून आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, आणि दोन-दोन किलोचे डंबेल. आधी लाज वाटली, नवरा हसला. आता तोच दळणाचा डबा माझ्याकडे देतो.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. तर्री पोह्यात पोहे अर्धे, चणे दुप्पट. खरा धक्का एकादशीला बसला. घरच्या मशीनवर साबुदाण्याच्या उसळीनंतर दोन तासांनी 186, आणि भाकरी-वरण-भाजीनंतर 138. म्हणजे उपवासालाच मी जास्त पाप करत होते! नऊ महिन्यांनी 5.8. संत्रा बर्फी सोडली नाही. अर्धी खाते.

महाल, 46
सासूबाई म्हणायच्या, आम्हाला नव्हतं बाई असलं काही. 64व्या वर्षी ओल्या मोरीत घसरल्या, नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, केली. टी-स्कोर उणे 3.1 (उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ). पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच हाडं सगळ्यात भराभर झिजतात म्हणे. घाबरून माझं ड जीवनसत्त्व तपासलं, 11. नागपुरात, एवढ्या उन्हात! पण स्कूटीवर आपण डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतो, ऊन लागणार कुठून?

धंतोली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते
एक सांगायचं आहे. या वयात पाळी जाता जाता खूप अंगावर जाते, हिमोग्लोबिन 8-9 घेऊन बायका येतात. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटाच जास्त दिसू शकतो. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) भरपूर. आजार असेल तर या आकड्यावर भरवसाच ठेवू नका, नुसत्या वाहक असाल तरी काही पद्धतींत तो चुकतो. सुई टोचायच्या आधी सांगा आणि उपाशीपोटीची, जेवणानंतरची साखरही करा. सांगत कोणीच नाही. लग्नं जुळायची असतात ना घरात.

प्रतापनगर
आमच्याकडे भांड्याला येतात त्या ताईंचं, त्यांना विचारून लिहिते. 37व्या वर्षी पिशवी काढली. "मले वाटलं कटकट सुटली. अंडाशयं बी काढली हे कोनं सांगितलंच नाही वो." दोन्ही अंडाशयं काढली की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते, आणि इतक्या लवकर गेली की हृदयाचा आणि हाडांचा धोका वाढतो. अशा बाईला काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देतात. त्यांना कोणी दिलं नाही. 43व्या वर्षी बीपी 160/100. आता मंगळवारी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत नेते. त्या दिवशी त्यांच्या घरी मीच भांडी घासून येईन म्हटलं तर हसतात.

सदर, 50
मी दोन वर्षं हार्मोनचं जेल लावते. बहिणीने कॅन्सरची भीती घातली होती. डॉक्टरांनी आधी सगळं विचारलं: स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार. काहीच नव्हतं. वय साठीच्या आत आणि पाळी जाऊन 10 वर्षं झालेली नाहीत, म्हणून दिलं. पिशवी आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. वाफा गेल्या, झोप आली. पोट आहे तिथेच आहे, ते या औषधाचं कामच नाही.

वर्धमाननगर, नवरा
वाचून राहिलो. बायकोचं भांडण एसीच्या रिमोटवरून आहे असं मी तीन वर्षं समजत होतो.

त्रिमूर्तीनगर, 55
पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. जुलैत डाग दिसला. उष्णता झाली म्हणून पंधरा दिवस सब्जा पीत बसले, गुलकंद खाल्ला. मग पुन्हा दिसला. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी लगेच दाखवायचं, हे कोणी कधी बोललंच नव्हतं. सोनोग्राफीत पिशवीच्या आतलं अस्तर 9 मिमी. या वयात रक्त गेलं तर 4च्या वर असलं की तुकडा काढून तपासतात. वजन 84 किलो, साखर सात वर्षांपासून. अंडाशयं थांबली तरी पोटातली चरबी इस्ट्रोजेन बनवत राहते आणि ते अस्तर वाढवत राहतं, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नुसतं अस्तर जाड असू शकतं, दुसरंही काही असू शकतं. बायोप्सी काल झाली. रिपोर्ट शुक्रवारी. आला की इथेच लिहीन.