आरसी४ मेलं म्हणून सगळेच स्ट्रीम सायफर भंगारात काढायचे का?

कृष्णाकाठ
काल एकानं इथं टाकलं की "स्ट्रीम सायफर म्हणजे भंगार, आरसी४ गेलं, जीएसएमचं ए५/१ गेलं, सरळ एईएस वापरा, विषय संपला". आणि खाली सगळे बरोबर बरोबर म्हणतायत. आरसी४ आणि ए५/१ (जुन्या मोबाइल कॉलचं) ही दोन जुनी स्ट्रीम सायफर. स्ट्रीम सायफर म्हणजे की, म्हणजे गुप्त किल्ली, घेऊन बिटांची एक लांब धार काढायची, ती कीस्ट्रीम, आणि डेटावर एक्सॉर करायची, म्हणजे बिटला बिट लावायचा, सारखे तर ०, वेगळे तर १; तीच धार परत एक्सॉर केली की मूळ डेटा परत. एईएस हा ब्लॉक सायफर, म्हणजे १६-१६ बाइटचे तुकडे करून बदलणारा. अरे मग विषय कुठं संपला? तुम्ही एईएस ज्या जीसीएम मोडमध्ये चालवता तो आतून काउंटर मोडच आहे, म्हणजे एईएसकडून नुसती कीस्ट्रीम काढून घ्यायची आणि डेटावर एक्सॉर करायची. ब्लॉक सायफर घेऊन स्ट्रीम सायफरच चालवताय की!

आरसी४ रिव्हेस्टनं १९८७ ला केलं, १९९४ ला कोड बाहेर फुटला. २५६ बाइटचा तक्ता ढवळत एकेक बाइट काढायचा, पण ढवळणं कमी पडतं, त्यामुळं दुसरा बाइट शून्य यायची शक्यता २५६ त १ असायला पाहिजे ती १२८ त १ निघाली. हा दोष आरसी४ चा. वायफायच्या डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षा पद्धतीनं त्यावर स्वतःचा घोळ घातला, २४ बिटची आयव्ही (दर पॅकेटला कीबरोबर घालायचा वेगळा आकडा, तो जुळला की कीस्ट्रीमही जुळते) घेतली, ती रँडम असली तरी पाच हजाराच्या आसपास पॅकेट गेली की दोन आयव्ही जुळायची शक्यता निम्म्यावर येते. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन, शमीरनं तर नुसतं ऐकून की काढायची पद्धत दिली. २०१५ ला टीएलएसमधून, म्हणजे वेबसाइटच्या सुरक्षित कनेक्शनमधून, आरसी४ वर बंदीच आली, ती योग्यच होती. पण बर्नस्टाइनचं २००८ चं चाचा२० पण स्ट्रीमच आहे, २५६ बिटची की, २० राउंड म्हणजे ढवळायच्या फेऱ्या, आत फक्त बेरीज, बिट फिरवणं आणि एक्सॉर. पूर्ण २० राउंड आजवर कुणी मोडलेले नाहीत. एकाच्या पापाची शिक्षा अख्ख्या भावकीला कशाला?

कुपवाड_एमआयडीसी
पुस्तकातलं सगळं बरोबर आहे दादा, पण जरा फील्डवर या. स्ट्रीम सायफर एका चुकीत पूर्ण झोपतो, माझा राग तिथं आहे. तीच की, तोच नॉन्स (आयव्हीसारखाच, दर मेसेजला नवा लागणारा आकडा) दोनदा वापरला की दोन्ही सायफरटेक्स्ट एकमेकांशी एक्सॉर करा, कीस्ट्रीम उडून जाते, हातात दोन मेसेजचा एक्सॉर राहतो, त्यातला एक माहीत असला की दुसरा उघडा. सीबीसीमध्ये, म्हणजे ब्लॉक सायफर एकाला एक ब्लॉक साखळीनं जोडून चालवायच्या मोडमध्ये, आयव्ही परत आली तर दोन मेसेजची सुरुवात सारखी आहे का एवढंच कळतं.

आम्ही एका कंपनीचं वायरलेस वजनाचं डिव्हाइस दुरुस्तीला घेतलेलं. नॉन्स म्हणजे काउंटर, तो नुसता रॅममध्ये. लाइट गेली, परत आली, काउंटर शून्यापासून, की फॅक्टरीतून आलेली तीच. आणि रिकामा काटा पाठवतो काय? ००.०००. म्हणजे मेसेज आधीच माहीत, सायफरटेक्स्टशी एक्सॉर केला की कीस्ट्रीम ताटात वाढलेली. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा काट्यावर ट्रॉली उभी असेल तर तिचं वजन वाचून काढता येतं. आमच्या भागात दिवसाला लाइट कितींदा जाते हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?

कृष्णाकाठ
काउंटर फ्लॅशमध्ये जपला नाही हा फर्मवेअर लिहिणाऱ्याचा गाढवपणा, त्यात सायफरनं काय केलं?

कुपवाड_एमआयडीसी
गाढवपणा फक्त कुपवाडात होतो का? २०१७ चा 'क्रॅक' नावाचा अटॅक बघा, वायफायच्या डब्ल्यूपीए२ मध्ये तीच की परत बसवायला लावून नॉन्स रीसेट. २०२० ला एलटीई (४जी) कॉलमध्ये कीस्ट्रीम परत वापरलेली सापडली. वर्ड-एक्सेलमध्ये फाइल बदलून सेव्ह केली तरी आयव्ही तीच राहायची, हे २००५ ला बाहेर आलं. एवढ्या मोठ्या लोकांच्या हातून जे निसटतं ते आमच्या पोरांच्या हातात द्यायचं आणि मग त्यांनाच गाढव म्हणायचं, हे मला पटत नाही.

वाळवा_ऊसकरी
माझं एकच विचारणं आहे. आमच्या इथल्या काट्याचं वजन वायरलेसनं ऑफिसात जातं. एन्क्रिप्टेड आहे, चेकसम आहे, म्हणाला वेंडर. मधेच कुणी आकडा बदलू शकतो का नाही?

कृष्णाकाठ
नुसता स्ट्रीम सायफर असला तर बदलू शकतो. कॉम्प्युटरच्या कोडात १८.४५० मधला ८ म्हणजे बाइट ५६, ६ म्हणजे ५४. जाताजाता त्या एका बाइटला १४ एक्सॉर केला की पलीकडं १६.४५० उघडतं. की माहीत असायची गरजच नाही. चेकसम सीआरसी, म्हणजे की न वापरता नुसत्या चुका पकडणारा आकडा, असेल तर तोही तसाच जुळवून घेता येतो, डब्ल्यूईपीचं तेच झालं.

वाळवा_ऊसकरी
म्हणजे २ टन गेले! आम्ही वर्षभर पाणी पाजायचं, तोडीसाठी हातापाया पडायचं, आणि यांनी असं खायचं?

कराड_पुलाशेजारी
काटामारीला क्रिप्टोग्राफी कुणाला लागते हो. कॅलिब्रेशन हलवलं, टेअर (रिकाम्या गाडीचं वजन) चुकीचा धरला, झालं काम. वैधमापनचं सील बघा, ऊस आधी बाहेरच्या काट्यावर तोला, डिस्प्ले आणि पावती जुळवा. हे सोडून बिटा कसल्या मोजताय.

वाळवा_ऊसकरी
बाहेरच्या काट्यावर तोलायला ट्रॅक्टरवाला थांबतो का? नंबर मागं गेला की ऊस वाळून वजन तसंच घटतं. ज्याचा ऊस नाही त्यानं आम्हाला शहाणपण शिकवू नये.

कराड_पुलाशेजारी
माझाही तीन एकर आहे. तोंड सांभाळून बोला.

विश्रामबाग_टीवाय
मधेच बोलतो, सॉरी. आम्हाला प्रॅक्टिकलला अजून आरसी४ चा प्रोग्रॅमच लिहायला लावतात, आणि तो वापरू नका हे व्हायवात कुणी विचारत पण नाही. मॅक (मेसेज मधे बदलला का हे कीनं तपासायचा टॅग), एईएडी (एन्क्रिप्शन आणि ती तपासणी एकत्र) हे शब्द मी इंटर्नशिपला गेल्यावर ऐकले. मग असली डिव्हाइस कोण बनवणार, आम्हीच ना?

कुपवाड_एमआयडीसी
बघा दादा, तुमच्याच तोंडानं निघालं. एक बाइट फिरवला आणि २ टन गायब.

कृष्णाकाठ
सीबीसीला पण हेच होतं. आयव्हीचा बिट फिरवला की पहिल्या ब्लॉकातला तोच बिट फिरतो, कचराही होत नाही, आणि वजनाचा आकडा पहिल्या १६ बाइटातच बसतो. ऑथेंटिकेशन, म्हणजे मॅकसारखी तपासणी, नसलं की दोघंही उघडेच. नॉन्सच्या बाबतीत मात्र तुमचं मान्य करावं लागतंय, लाइट जाणाऱ्या गावात काउंटर रॅममध्ये ठेवायची सोयच लायब्ररीनं द्यायला नको. पण म्हणून चाचा भंगार, हे मी मानणार नाही.

वाळव्याचे दादा, वेंडरला तीनच गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येक मेसेजवर मॅक टॅग आहे का, म्हणजे पॉली१३०५ सारखं काही, सीआरसी चालणार नाही. लाइट जाऊन आल्यावर नॉन्स पुढंच जातो का परत शून्यावर येतो. आणि की प्रत्येक काट्याला वेगळी आहे का सगळ्यांना एकच.

वाळवा_ऊसकरी
लिहून घेतलं. वेंडर म्हणतोय तिसरं "कंपनी सीक्रेट" आहे.

कुपवाड_एमआयडीसी
मग सगळ्यांना एकच असणार. डिव्हाइसचा मॉडेल नंबर पाठवा, उघडून बघतो.