आपली माणसं गाव सोडून कुठं कुठं गेली? (अनुभव धागा)

माणदेशी: माळा आवरताना वडिलांची मूस सापडली. सोनं वितळवायची वाटी, काठ काळा पडलेला, तळाला टाकणखार चिकटून काचेसारखा झालेला. हातात घेतली आणि त्रिशूरचं दुकान डोळ्यांपुढं आलं.

आम्ही सांगलीच्या खानापूर तालुक्यातले. विटा, आटपाडी, खानापूर सगळा दुष्काळी पट्टा, म्हणून लोक गलाईला गेले. केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत सराफपेठेत बघा, जुने दागिने आटवून सोनं शुद्ध करून देणारा आपल्याकडचा कुणीतरी भेटतोच. एकानं भट्टी टाकली की भावकीतली पोरं बोलावतो, ती काम शिकली की पुढच्या गावात आपली भट्टी टाकतात. वडील चौदाव्या वर्षी चुलत्यांच्या हाताखाली गेले. तेजाबाच्या धुरानं लागलेला खोकला शेवटपर्यंत सुटला नाही. मी शाळेत मल्याळम, घरात माणदेशी.

तुमच्याकडं कोण कुठं गेलं? लिहा.

कोयनाकाठ: आम्ही गेलो नाही, आम्हाला उठवलं. कोयना धरणात गाव बुडालं, आजोबांना रायगडात जमीन मिळाली. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत वडील निवृत्त झाले. आजीनं देवीचा तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजायचा दगड, पदरात बांधून आणला होता. आधी तिचा चौथरा, मग घरं. सोयरिकी अजून तिकडून उठून आलेल्यांतच होतात.

चेन्नईची सून: सासरचे तंजावर मराठी. व्यंकोजीराजांच्या राज्यात गेलेलं घराणं, साडेतीनशे वर्षं होत आली. सासूबाई बोलतात मराठी, किराण्याची यादी मात्र तमिळ लिपीत! लग्नानंतर मला तंजावरच्या मोठ्या देवळात नेलं. भिंतीवर भोसल्यांचा 1803 चा मराठी शिलालेख आहे. त्याच्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "हे आपलं."

विट्याची लेक: माणदेशी दादा, खोकल्याचं वाचून पोटात तुटलं. माझे मामा कोइमतूरला, हेच काम. आता गावात टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय, डाळिंब लावलंय. तरी मामा येत नाहीत, नातवंडं तिकडच्या शाळेत.

लालबाग: कुकर लावलाय, पटकन लिहिते. आजोबा मालवणहून गिरणीत आले. एका खोलीत गावचे वीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण खानावळीत. 1982 च्या संपानंतर खोलीतले बरेच गावी गेले, आजोबा राहिले. खोलीची किल्ली अजून आमच्याकडे आहे. शिट्टी झाली, येते परत.

कोयनाकाठ: ताई, किल्लीचा फोटो टाका ना.

चेन्नईची सून: माणदेशाचा विषय निघालाच आहे तर, हुलग्याचं माडगं कसं करतात? माहेरी शेजारच्या माणदेशी काकू द्यायच्या.

माणदेशी: हुलगे खरपूस भाजून दळून घ्या. गुळाचं पाणी उकळलं की पाण्यात कालवलेलं पीठ सोडा, हात थांबवू नका, गुठळ्या होतात. आई त्रिशूरला वरून ओलं खोबरं घालायची. गावाकडं कुणी घालत नाही, पण मला त्याच्याशिवाय माडगं गोड लागत नाही.