गेम तयार नसताना रिलीजची तारीख जाहीर करणं बंद व्हायला हवं, पटतंय का?

रात्रीचा_कंट्रोलर:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो. मोठ्या कंपन्या ट्रेलर दाखवतात, खाली तारीख टाकतात, प्री-ऑर्डर (आगाऊ विक्री) उघडतात आणि गेम मात्र अजून बनायचाच असतो. मग ती तारीख गाठायला आतली माणसं रात्रंदिवस राबणार आणि एवढं करून आपल्या हातात काय, तर बग्जनी, म्हणजे चुकांनी, भरलेला गेम. सायबरपंक २०७७ आठवा. ५ ऑक्टोबर २०२० ला गेम गोल्ड झाला (म्हणजे विक्रीची प्रत तयार झाली) म्हणून सांगितलं, आणि तीन-एक आठवड्यांत तारीख परत पुढे, १९ नोव्हेंबरची १० डिसेंबर. सक्तीचा क्रंच (रिलीजआधीचं जादा काम) करणार नाही म्हणाले होते, तरी सहा दिवसांचा आठवडा आलाच. आणि जे आलं ते सोनीच्या साध्या पीएस४ कन्सोलवर धड चालेना, आठवडाभरात सोनीने स्टोअरवरून काढलं ते थेट जून २०२१ ला परत. तोवर ८० लाख लोकांनी प्री-ऑर्डर करून ठेवलेली!

माझं म्हणणं एवढंच, गेम पूर्ण करा, टेस्टिंग करा, मग तारीख सांगा. हॉलो नाइट: सिल्कसाँग हा गेम बनवणाऱ्यांनी केलंच ना? २०१९ ला गेम जाहीर केला, लोक वर्षानुवर्षं मागे लागले तरी घाई केली नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये तारीख सांगितली आणि दोन आठवड्यांत, ४ सप्टेंबरला, गेम हजर.

बगवाली:
मी नऊ वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे तुमचा राग कळतो, पण रोख चुकतोय असं वाटतं. तारखेने गेम बिघडत नाही, नवीन गोष्टींच्या न संपणाऱ्या यादीने बिघडतो. मी एका तारीख नसलेल्या प्रोजेक्टवर पण काम केलंय. दर महिन्याला वरून नवीन काहीतरी यायचं, आधी घोडे, मग बोटी, मग पाऊस. पाऊस म्हणजे नुसते थेंब नाहीत हो, पावसात प्रत्येक कपडा कसा दिसतो, आग विझते का, शत्रूला लांबचं दिसतं का, ओल्या कड्यावर चढताना कॅरेक्टर घसरून दगडात अडकतो का, हे सगळं आम्ही पहिल्यापासून परत खेळून बघायचं. तारीख ठरली तेव्हा कुठे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की बोटी काढून टाकायच्या का. काढल्या, आणि गेम सुधारला.

तारीख नसलेल्या गेमचं मोठं उदाहरण ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर. १९९७ ला जाहीर, २०११ ला आला. मधे इंजिन (गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) बदललं, सगळं बदललं, आणि आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली.

आणि एक, आम्हाला बग सापडत नाहीत असा बऱ्याच जणांचा समज असतो. तुम्हाला पहिल्या तासात दिसलेला बग बहुतेक वेळा आमच्या लिस्टमध्ये महिन्यांपूर्वीच नोंदवलेला असतो, 'आत्ता नाही' म्हणून बंद केलेला. तो निर्णय टेस्टर घेत नाही.

जुनं_कार्ट्रिज:
मूळ पोस्टशी शंभर टक्के सहमत. आमच्या वेळी कार्ट्रिज लावलं की गेम सुरू, ना डाउनलोड ना पॅच (नंतरची दुरुस्ती), एकदा कारखान्यातून बाहेर पडला की संपलं, म्हणून बनवणारे नीट बनवायचे. नंतर दुरुस्त करता येतंय म्हटल्यावर शिस्तच गेली.

पिक्सेल_पाटील:
@जुनं_कार्ट्रिज काका, आदर ठेवून सांगतो, हे खरं नाही. अटारीचा ईटी १९८२ चा. ख्रिसमसला दुकानात हवा म्हणून एका माणसाला जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा आणि पॅच नसल्यामुळे तो कायमचाच पडत राहिला. न खपलेली कार्ट्रिजं वाळवंटात पुरली, २०१४ ला उकरून काढली तेव्हा खरंच सापडली. म्हणजे तारखेचा जाच तेव्हाही होता, फक्त दुरुस्तीची सोय नव्हती. आज नो मॅन्स स्काय बघा, २०१६ ला लोक प्रचंड चिडले होते आणि त्या छोट्या टीमने वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन गेम कुठल्या कुठे नेला. सायबरपंकसुद्धा आज खेळून बघा, वेगळाच गेम वाटतो. मला पॅच ही चांगली गोष्ट वाटते.

रात्रीचा_कंट्रोलर:
@पिक्सेल_पाटील पण पहिल्या दिवशी ज्यांनी पूर्ण पैसे दिले त्यांना सगळ्यात वाईट गेम मिळाला आणि दोन वर्षांनी सेलमध्ये घेणाऱ्याला सगळ्यात चांगला, हे तुला बरोबर वाटतं का? ज्याने विश्वास ठेवला त्यालाच शिक्षा.

पिक्सेल_पाटील:
नाही, ते बरोबर नाही, मान्य. म्हणूनच मला अर्ली अ‍ॅक्सेस, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला देणं, जास्त प्रामाणिक वाटतो. बाल्डर्स गेट ३ चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून लोक खेळत होते, अपुरा आहे हे उघड सांगून विकला, आणि पूर्ण गेम ३ ऑगस्ट २०२३ ला. जवळजवळ तीन वर्षं खेळणाऱ्यांचं ऐकत बनवला.

बगवाली:
आणि लोकांनी तीन वर्षं जो पहिला अंक घासला तो चकचकीत, तिसऱ्या अंकात मात्र बग जास्त, हेही सांगा ना. मला तो गेम मनापासून आवडतो, पण त्यातून हेच दिसतं की जिथे वेळ मिळाला तिथे काम चांगलं झालं.

हिशोबी_गेमर:
सगळे कारागिरीवर बोलताय, पैशावर कोणीच नाही. सिल्कसाँगची मूळ टीम तीन-चार जणांची, आधीचा गेम कोटीच्या वर खपलेला, त्यांना थांबणं परवडतं. आणि त्यांचंही आधी २०२३ च्या पहिल्या सहामाहीचं ठरलं होतं, ते हुकलंच. स्पायडरमॅन २ चं बजेट लीक झालं तेव्हा ३० कोटी डॉलरच्या आसपास निघालं. एवढ्या पैशात शेकडो माणसांचे पगार असतात आणि गेम विकला जाईपर्यंत परत एक पैसा येत नाही. तारीख जाहीर केली नाही तर जाहिरात कधी करणार, गुंतवणूकदाराला काय सांगणार? आणि गेम नीट चालला म्हणजे झालं असंही नाही. सोनीच्या काँकॉर्ड या ऑनलाइन गेमबद्दल बग्जची ओरड नव्हती, तरी २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, सगळ्यांना रिफंड, पुढे स्टुडिओच बंद केला. वर्षानुवर्षांचं काम दोन आठवड्यांत गेलं. म्हणून म्हणतो, गेम छोटे करा. तारीख पाळायची की नाही हा नंतरचा प्रश्न.

नवीन_सेव्हफाइल:
मग एआय वापरून खर्च कमी करायला काय हरकत आहे? झाडं, दगड, दुय्यम कॅरेक्टरचे डायलॉग मशीनने केले तर माणसं महत्त्वाच्या कामाला मोकळी होतील, क्रंचपण कमी होईल.

बगवाली:
@नवीन_सेव्हफाइल झाडं-दगड आपोआप बनवणारी टूल्स आमच्याकडे खूप आधीपासून आहेत, त्यावर कोणाचा आक्षेप नाही. पण आवाज आणि चेहऱ्याचं तसं नाही. अमेरिकेतले व्हॉइस अ‍ॅक्टर जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संपावर होते ते याचसाठी, की आमचा आवाज आम्हाला न विचारता मशीनला देऊ नका. आणि वाचलेला वेळ कोणाला मिळतो? डायलॉग दहापट झाले तर ते तपासणारे आम्ही तेवढेच. यादी परत वाढली, मी सुरुवातीपासून तेच म्हणतेय.

रात्रीचा_कंट्रोलर:
ताई, यादीचा मुद्दा पटला. तारीखच नको हे म्हणणं मी मागे घेतो. पण प्री-ऑर्डरवर ठाम आहे. सायबरपंकच्या वेळी रिलीजच्या आधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, पीएस४ वर काय अवस्था आहे हे पैसे भरलेल्यांना कळायला मार्गच नव्हता. ज्या मशीनसाठी गेम विकताय त्या मशीनवरचा रिव्ह्यू येईपर्यंत पैसे घेऊ नका, एवढं तरी व्हावं. तुम्हाला आतून काय बदल हवाय?

बगवाली:
एकच. रिलीजच्या निदान चार महिने आधी नवीन काही घालणं पूर्ण बंद, मग कितीही वरून आदेश येवो. मागच्या प्रोजेक्टला असं ठरलं होतं आणि शेवटच्या तीन आठवड्यांत एक नवीन वाहन आलं, दुसऱ्या गेमच्या ट्रेलरमध्ये दिसलं म्हणून. त्या वाहनात बसून सेव्ह केलं की सेव्ह फाइल उडायची. मी तो बग तीनदा उघडला, तीनदा 'आत्ता नाही' म्हणून बंद झाला.