आधी कादंबरी, मग सिनेमा: युद्धकाळातली हेरकथा सुचवा (बाबांसाठी)

सोनचाफा
नमस्कार मंडळी. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आहे. बाबांचं वय ७१. दुसऱ्या महायुद्धातली अशी एक हेरकादंबरी हवी आहे, जिच्यावर सिनेमाही निघालाय. पुस्तक ते वाचतील, सिनेमा आम्ही दोघं मिळून बघू. पुस्तक ५०० रुपयांच्या आत, सिनेमा दोन तासांच्या आत (जास्त वेळ पडद्याकडे बघितलं की डोळ्यांतून पाणी येतं), रक्तपात बेताचा. इंग्रजी वाचतात, पण सावकाश.

गिरगावकर
'व्हेअर ईगल्स डेअर'. दुसरा विचारच नको. रिचर्ड बर्टन, क्लिंट ईस्टवुड, बर्फातला किल्ला आणि केबल कारच्या टपावरची ती मारामारी! शाळेत असताना मोठ्या भावाबरोबर थेटरात पाहिला, त्यानंतर किमान सहा वेळा. तो किल्ला खरा आहे, ऑस्ट्रियात होहेनवेर्फेनला. २०१४ मध्ये युरोपला गेलो तेव्हा वाट वाकडी करून बघून आलो.

निवांत
सिनेमा अडीच तासांचा आहे आणि त्यात माणसं किती मरतात! ताईंनी स्पष्ट लिहिलंय की रक्तपात बेताचा हवा. शिवाय तो कादंबरीवरून काढलेलाच नाही. लेखक ॲलिस्टर मॅक्लीनने आधी पटकथा लिहिली आणि तिच्यावरून कादंबरी केली.

गिरगावकर
कादंबरी १९६७ ची, सिनेमा १९६८ चा. आधी कोण आलं?

निवांत
छापून आधी आली म्हणून सिनेमा तिच्यावरून होत नाही. 'गन्स ऑफ नॅव्हरोन'चं प्रकरण सरळ आहे, कादंबरी १९५७, सिनेमा १९६१. पण ते कमांडो, हेर नव्हेत.

पानगळ
सोनचाफा, तुमच्या सगळ्या अटींच्या जवळ जाणारं एकच नाव सुचतं, केन फॉलेटची 'आय ऑफ द नीडल'. कादंबरी १९७८ ची, सिनेमा १९८१ चा, दोन तासांच्या आत संपतो. १९४४ साली इंग्लंडमध्ये लपलेल्या जर्मन हेराच्या हाती एक गोष्ट लागते: पूर्व किनाऱ्यावर दिसणारं सैन्य आणि विमानं निव्वळ देखावा आहे. म्हणजे दोस्तांची फौज फ्रान्समधल्या कॅलेला उतरणार नाही. ही बातमी हिटलरपर्यंत पोचायच्या आत त्याला गाठायचं आहे. मग वादळ त्याला एका ओसाड बेटावर आणून टाकतं आणि तिथे एक नवरा, बायको आणि त्यांचं लहान मूल राहत असतं.

पुस्तकात त्याच्या मागावर असलेली माणसंही जिवंत आहेत. मध्ययुगीन इतिहासाचा एक प्राध्यापक हेरखात्यात येतो आणि बारीकसारीक धागे जुळवत जातो. सिनेमात ती बाजू बरीच आक्रसली आहे, पण बेटावरचा भाग असा उतरलाय की मी शेवटची वीस मिनिटं उभी राहून पाहिली. डोनाल्ड सदरलंड तर थंडगार! एक सांगून ठेवते, हेर सुरा वापरतो. रक्त फार नाही, पण अंगावर येतं.

इतिहासवेडा
+१. आणि तो देखावा लेखकाच्या डोक्यातून आलेला नाही. 'ऑपरेशन फॉर्टिट्यूड' खरंच घडलं. अमेरिकन सेनानी पॅटनच्या नावावर एक अख्खी खोटी फौज उभी केली होती, रबरी रणगाडे आणि खोट्या वायरलेस संदेशांसकट. उलट कादंबरीतला हेरच खरा नाही. ब्रिटनमधले जर्मन हेर तोवर पकडले गेले होते किंवा ब्रिटिशांच्या बाजूने वळवले गेले होते. बार्सिलोनाचा पुजोल, टोपणनाव 'गार्बो', ब्रिटिशांचा दुहेरी हेर, जर्मनांना खोट्या बातम्या पाठवत राहिला आणि जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं, ब्रिटिशांनी एमबीई हा किताब! बाबांना आधी हा इतिहास वाचायला द्या, मग कादंबरी.

कसबापेठी
जुनं पुस्तक घेणार असाल तर शेवटची पानं मोजून घ्या. 'द ईगल हॅज लँडेड' मी रद्दीच्या दुकानातून ८० रुपयांना घेतली. तीन रात्री जागलो आणि शेवटची सोळा पानंच नव्हती! दुकानदार म्हणाला, बदलून मिळणार नाही. आज इतकी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही.

गिरगावकर
'ईगल हॅज लँडेड'सुद्धा उत्तमच. चर्चिलला पळवून न्यायला जर्मन छत्रीसैनिक इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या खेड्यात उतरतात. चर्चिलला काही झालं नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी जीव टांगणीला लागतो. पुस्तकाची सुरुवात चर्चच्या आवारातल्या जर्मन सैनिकांच्या कबरीपासून होते, ते सिनेमात नाही. तेव्हा पुस्तक आधी वाचाच. सिनेमा १९७६ चा, मायकल केन.

निवांत
तोही दोन तासांच्या वर जातो.

आडवाटेने
माझं ऐका, ई-रीडर घ्या. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. माझ्या आईला गेल्या वर्षी घेऊन दिला, आता रोज दोन तास वाचते. या इंग्रजी खिशातल्या आवृत्त्यांचा टाइप मुंगीएवढा असतो. नवं पुस्तक घेतलंत तरी आधी एक पान उघडून बाबांना दाखवा, मगच पैसे द्या.

दर्यावर्दी
गोव्याच्या माणसाने 'द सी वुल्व्ज'चं नाव घेतलं नाही तर पाप लागेल. ९ मार्च १९४३, मुरगाव बंदर. पोर्तुगीज तटस्थ, म्हणून 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज तिथे सुखाने नांगर टाकून होतं आणि त्यावरच्या वायरलेसवरून आपल्या समुद्रातल्या बोटींच्या बातम्या जर्मन पाणबुड्यांना जात होत्या. ब्रिटिशांना उघड हल्ला करता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीची पोट सुटलेली, नोकरी-धंद्यातली माणसं 'फीबी' नावाच्या गाळाच्या बार्जवरून आली. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. १९८० चा सिनेमा, शूटिंग गोव्यात. आमच्या घरी जुनी माणसं अजून त्या शूटिंगच्या आठवणी काढतात.

निवांत
पण तो सिनेमा ज्यावरून निघाला ती जेम्स लीझरची 'बोर्डिंग पार्टी' ही कादंबरी नाही. ती सत्यकथा आहे.

दर्यावर्दी
सत्यकथा आहे म्हणूनच सुचवली!

कसबापेठी
रॉबर्ट हॅरिसची 'एनिग्मा' कोणी सांगितली का? ब्लेचली पार्क हे इंग्लंडमधलं गुप्त संदेश फोडणारं केंद्र, १९४३, जर्मन पाणबुड्यांचे संदेश अचानक वाचता येईनासे होतात. सिनेमा २००१ चा, दोन तासांच्या आतबाहेर. सुरी नाही, सगळी डोक्याची लढाई. फक्त पुस्तक आधी वाचलेलं बरं, सिनेमात सांकेतिक लिपीची गंमत घाईत उरकली आहे.

रातकिडा
'राझी' पाहिलात का? हरिंदर सिक्कांच्या 'कॉलिंग सेहमत'वरून. १९७१ चं युद्ध, पाकिस्तानी लष्करी कुटुंबात लग्न करून गेलेली काश्मिरी मुलगी.

इतिहासवेडा
धाग्यात दुसरं महायुद्ध म्हटलंय.

गिरगावकर
'राझी'च्या शेवटाबद्दल तर खुद्द लेखकाची नाराजी होती. ताई, 'व्हेअर ईगल्स डेअर' मध्यंतर घेऊन बघा. इतकं कसलं घड्याळ?

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना हा धागा वाचून दाखवला. 'आय ऑफ द नीडल' जवळजवळ ठरलंच होतं. मी १९७१ म्हणाले आणि बाबा उठून बसले. तेव्हा ते १७ वर्षांचे, दादरच्या चाळीत. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना खळीने काळा कागद लावायचं काम त्यांच्याकडे होतं. भोंगा झाला की आजी सगळ्यांना जिन्याखाली बसवायची आणि बाबा हळूच बाहेर येऊन आकाश बघायचे. हे त्यांनी मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. 'विक्रांत'ला बुडवायला निघालेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली, हे पेपरात आलं तेव्हा चाळीत पेढे वाटले, म्हणाले.

तर 'कॉलिंग सेहमत' घेतलं, ५०० च्या आत बसलं. दुकानात आधी पान उघडून दाखवलं, अक्षर त्यांना नीट दिसलं. 'राझी' दोन तासांच्या वर आहे, तो शनिवारी अर्धा आणि रविवारी अर्धा बघू.

पानगळ, 'आय ऑफ द नीडल' मी माझ्यासाठी मागवली आहे.