शब्दचर्चा : पेशी कोणती, कोर्टातली का अंगातली?

माझी पोरगी आठवीत हाय. परवा म्हणे, बाबा, उद्या पेशीवर टेस्ट हाय, तं आमचे बुढे बाबा खाटेवर उठूनच बसले, कोणाची पेशी, कोणत्या कोर्टात? धुऱ्याच्या भांडणापायी त्यायनं जन्मभर पेशी म्हणजे कोर्टाची तारीख एवढंच ऐकलं. पण खरी अडचण दुसरीच. पोरगी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाह्यते, त्यात पेशी म्हणजे मांसपेशी, अन् तिनं वहीत लिहून ठेवलं की झाडात पेशी नसतात. हा शब्दच बदलायले पाह्यजे का?

दादा, शब्द नका बदलू. मी विज्ञान शिकवतो, दरवर्षी हा घोळ पाहतो. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, हिंदीनं तो अर्थ जवळ ठेवला अन् सेलला, म्हणजे सजीवाचं अंग ज्यांनी बनतं त्या बारीक घटकाला, कोशिका म्हटलं, आपण मराठीत सेलला पेशी म्हटलं अन् मांसपेशीला स्नायू. सेल म्हणजे मुळात खोली, रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाला १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात खोल्या दिसल्या म्हणून ते नाव पडलं. पोरीला कांद्याचा आतला पापुद्रा काढायला लावा, त्यावर आयोडिनचा थेंब टाकून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या, विटा रचल्यासारख्या पेशी अन् प्रत्येकीत एक गडद ठिपका, तो केंद्रक. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की झाडात पेशी नाही असं ती परत लिहिणार नाही.

याहून वाईट घोळ अणूचा आहे. हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू, अन् आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु, मग पोट्टे विचारतात, सर, जिवाणू एकाच अणूचा असतो का? इथं अणू म्हणजे फक्त लय बारीक, बाकी एका जिवाणूत अब्जावधी अणू असतात. जिवाणू म्हणजे एक अख्खी पेशी, फक्त तिच्यात कांद्यासारखं वेगळं केंद्रक नसतं. विषाणूला तर पेशीच नाही, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढत नाही, म्हणून अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही.

सर, हे शेतकऱ्यायलेही सांगा. आमच्याकडे सोयाबीन पिवळं पडलं की बुरशीनाशक मारतात, अन् पिवळा मोझॅक असला तं तो विषाणू, पांढऱ्या माशीनं पसरते, पैसा वाया. दुसरं म्हणजे जिवाणू म्हटलं की लोकायले रोगाचे जंतूच आठवते, रायझोबियमचं, म्हणजे बियाले चोपडायच्या कामाच्या जिवाणूचं, पाकीट दाखवलं तं म्हणतात, बियाले जंतू काहून चोपडू? मी म्हणतो, विरजणात काय असते मंग, तेही जिवाणूच. तरी नाही पटलं तं फुलावरच्या सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून दाखवतो, मुळावरची गाठ नखानं फोडायची, आतून गुलाबी निघाली तं आतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाले देऊन राह्यले.