डिस्क विकत घेतली म्हणून काम भागत नाही

'मॅक ओएस (ॲपलच्या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टिम) दुसऱ्या पीसीवर टाकून विकताना प्रत्येक पीसीमागे तिची एक प्रत रोख मोजून घेतली, तर ॲपलचं बिघडलं काय?' हा मुद्दा ऐकायला रास्त वाटतो. फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीचाही बचाव साधारण हाच होता. २००८ मध्ये त्यांनी साध्या इंटेल पीसीवर लेपर्ड (मॅक ओएसची तेव्हाची आवृत्ती) टाकून विकायला सुरुवात केली आणि खोक्यात विकत घेतलेली डिस्कही देत. पण गोची वेगळ्याच जागी झाली. ती डिस्क वापरून मशीन तयार होतच नव्हतं. एका मॅक मिनीवरून (ॲपलचा छोटा संगणक) ओएस उचलायची, त्यात स्वतःचा बूटलोडर (ओएस सुरू करणारा प्रोग्राम) आणि बदललेली कर्नल एक्स्टेन्शन्स (ओएसच्या गाभ्याला जोडले जाणारे भाग) घालायची आणि ती मास्टर कॉपी धडाधड सगळ्या पीसींवर उतरवायची, असा कारभार होता. म्हणजे विकत घेतलेली प्रत खोक्यात पडून, आणि चालणारी प्रत भलतीच! विकत घेतलेली वस्तू पुढे विकायचा हक्क अशा नव्या प्रतींना लागू होत नाही, असं न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं.

मॅक ओएसचा परवाना 'फक्त ॲपलच्याच मशीनवर' म्हणतो ही दादागिरी आहे, हा युक्तिवादही २०११ मध्ये अपिलात टिकला नाही. सायस्टारला स्वतःची ओएस लिहायला त्या अटीने कुठे अडवलं होतं?