अनुभव सांगा : ती उशिरा घरी आली, तेव्हा बाबा काय म्हणाले?

परवा मृणाल सेन यांचा ‘एक दिन प्रतिदिन’ पुन्हा पाहिला. १९७९ चा बंगाली चित्रपट. पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे तेव्हा. शेजारी माझे बाबा बसले होते. आता माझीच मुलगी वीस वर्षांची आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोलकात्यातलं जुनं घर, खोल्याखोल्यांत भाडेकरू, घरमालकही तिथेच. त्यातल्या एका बिऱ्हाडात वडील निवृत्त, भाऊ बेकार आणि सगळ्यांचं पोट चिनूच्या पगारावर. एके संध्याकाळी चिनू ऑफिसातून घरी येत नाही. कथा एवढीच. रात्र चढत जाते तशी घरातली काळजी वाढते आणि शेजारच्या दारांत माणसं जमायला लागतात. भाऊ शवागारापर्यंत जाऊन येतो. रात्र सरत आल्यावर चिनू परत येते, अगदी सुखरूप. आणि तिला कुणी काही विचारत नाही. ममता शंकरचा त्या क्षणीचा चेहरा मला दोन दिवस सोडत नाहीये.

चित्रपट संपला तेव्हा आमचे बाबा उठून बाहेर गेले होते. काही बोलले नव्हते. मीही विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

म्हणून हा धागा. तुम्ही मुलगी असा किंवा बाप, अशी एखादी रात्र तुमच्या घरात आली असेल तर सांगा. लांबलं तरी चालेल.

*

लालबाग, मुंबई

आमचं घर म्हणजे जवळजवळ चिनूचंच घर. अप्पा १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडले ते कायमचेच. पुढे वॉचमनची कामं केली, मग गुडघे गेले. मी बी.कॉम. झाल्यावर अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला लागले, आणि घर माझ्यावर आलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. लोकल बंद, फोन बंद. मी ऑफिसातल्या बायकांबरोबर टेबलांवर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी पाण्यातून चालत, दुपारी तीनला चाळीत पोचले. अप्पा जिन्यात बसून होते. आदल्या संध्याकाळपासून तिथेच होते, असं आई म्हणाली. मला बघून उभं राहायला गेले तर पाय वळले त्यांचे. शेजारच्या काकूंनी आंघोळीला पाणी तापवून दिलं, कुणी चहा आणला. आख्ख्या चाळीला वाटलं, आपलीच पोर परत आली.

त्याच वर्षी डिसेंबरात ऑफिसचं काम संपता संपेना. मोबाइलची बॅटरी गेली, त्यात मध्येच गाडी अडकली. घरी पोचायला रात्रीचे पावणेदोन झाले. अप्पा पुन्हा त्याच जिन्यात होते. गॅलरीतली दारंही पुन्हा उघडली, पण अर्धीच. कुणी पाणी तापवलं नाही. अप्पा उठले आणि माझ्यापुढे जिना चढून गेले. आईने ताट वाढलं. सगळं गप्प.

मला वाटलं, सकाळी विचारतील. नाही विचारलं. मी आईला मुद्दाम मोठ्याने सांगत होते, बॅटरी गेली होती गं, गाडी अडकली होती. अप्पांनी पेपर खाली केला नाही. एक तारखेला घरखर्चाचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले, तर दुसरीकडे बघत घेतले. ते पैसे ठेवताना मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं लग्न झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी, एकदा त्यांच्या पायाला तेल लावत होते. तेव्हा विचारलं, अप्पा, तुम्ही त्या रात्री मला काहीच का विचारलं नाहीत? त्यांना विषय लगेच कळला. म्हणाले, “विचारलं असतं आणि तू खोटं बोलली असतीस, तर मग मी काय केलं असतं?”

खोटं बोलेन असं का वाटलं, ते मला विचारता आलं नाही. त्यांचे गुडघे माझ्या हातात होते.

*

नागपूर

मी परिचारिका आहे, एकतीस वर्षं झाली. माझे बाबा रोज विचारायचे. “उशीर का झाला गं?” दररोज, न चुकता. पहिली दोन-तीन वर्षं मला भयंकर राग यायचा. मग एकदा वस्तीतल्या एका गृहस्थांनी बाबांना अडवलं, तुमची मुलगी रात्री-अपरात्री येते म्हणून. बाबा तिथल्या तिथे म्हणाले, “काल वॉर्डात दोन पेशंट दगावले. तिने मला सांगितलं. तुम्हाला अजून काय पाहिजे?” मी मागेच उभी होते. ते रोज विचारत होते म्हणून त्यांच्याजवळ उत्तर होतं. लालबागच्या ताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं.

*

सांगली

मी बापाच्या बाजूने लिहितोय. कुणाला पटेल न पटेल, पण लिहितो.

२०११ साली मुलीला इंजिनिअरिंगला पुण्यात ठेवलं. निघताना सगळ्यांसमोर म्हणालो, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि पुढच्याच आठवड्यात होस्टेलच्या रेक्टरबाईंना पहिला फोन केला. नंतर ती सवयच लागली. किती वाजता आली, कुणाबरोबर आली. पुण्यात माझा एक भाचा होता, त्याला सांगितलं, जरा लक्ष ठेव. तो दोनदा तिच्या मागे एका कॅन्टीनपर्यंत गेला. तिथे ती मैत्रिणीबरोबर नोट्स लिहीत बसली होती, असं त्याने मला कळवलं, आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. लाज वाटली नाही.

दुसऱ्या वर्षी तिला कळलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती, फराळ चालला होता. शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुम्ही मला विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं.” ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज ती परगावी नोकरी करते. दर रविवारी फोन येतो. माझी गोळी घेतली का, पाऊस कसा आहे, आईची कंबर कशी आहे. पाच-सात मिनिटं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. तिचं काहीतरी बिनसलंय हे गेल्या वर्षी आवाजावरून कळत होतं, पण विचारायचा हक्क मीच घालवलाय असं वाटतं. हा चित्रपट मी मुद्दाम शोधून पाहिला. शेवटी घरात सगळे गप्प होतात ना, तिथे मी थांबवला. पुढे बघवलं नाही.

*

कोलकाता (मूळची सातारची)

बेहालाला संसार करून मला बावीस वर्षं झाली, म्हणून थोडं इथलं सांगते.

इकडे बाप मुलीला ‘मा’ म्हणतो. चार वर्षांच्या पोरीलासुद्धा. माझ्या नणंदेची नाटकाची तालीम असायची, यायला रात्रीचे अकरा-साडेअकरा व्हायचे. सासरे बाहेरच्या ओट्यावर, इकडे त्याला ‘रॉक’ म्हणतात, तिथे पंखा हलवत बसायचे. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की एकच प्रश्न, “खेयेछिश, मा?” जेवलीस का. मी नवी होते तेव्हा मला ते फार छान वाटायचं.

पण नणंद एकदा मला म्हणाली, “बौदी, बाबा जेवणाचं विचारतात ते बाकीचं विचारायला नको म्हणून.” तेव्हापासून तो प्रश्न ऐकताना मला दोन्ही ऐकू येतं. खरं काय ते मला अजूनही ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल.

सासऱ्यांनी हा चित्रपट आला तेव्हाच थिएटरात पाहिला होता. ते सांगायचे, बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी एकच, मुलगी होती कुठे? लोक खुद्द मृणालबाबूंनाही तेच विचारायचे आणि ते सांगायचे की मलाही माहीत नाही. सासरे म्हणायचे, “मलाही त्या रात्री तेच हवं होतं. घरी येईपर्यंत मी तेच विचारत होतो. आणि मला तेव्हा मुलगी झालेली होती.”

अजून एक. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. बंगालीतही अगदी तसंच, ‘आशी’. नणंद चपला घालताना “आशी, बाबा” म्हणायची आणि सासरे “एशो, मा” म्हणायचे. ये. सासरे गेल्यावरही कितीतरी दिवस ती दारात क्षणभर थांबायची.

*

पुणे

फिल्म सोसायटीत १९८२-८३ च्या सुमारास हा चित्रपट पाहिला होता. माझं मत थोडं वेगळं आहे. सगळ्यांचं लक्ष बापावर आहे, पण घरमालकाला विसरू नका. चिनू परत आल्यावर हे सभ्य लोकांचं घर आहे म्हणत तोच आवाज चढवतो. बाप गप्प बसतो त्यात संशय आहेच, पण डोक्यावरचं छप्पर जाईल ही भीतीही आहे. आणि धाकटी बहीण मिनू, श्रीला मजुमदारने केलेली, ती घरच्यांना तोंडावर सुनावते. माझ्या मते त्या घरात चिनूची बाजू घेणारी ती एकटीच. लालबागच्या ताईंच्या घरी अशी मिनू नव्हती.

सेन यांनी पुढे १९८९ मध्ये हिंदीत ‘एक दिन अचानक’ केला. त्यात उलटं आहे. पावसाळी संध्याकाळी बाप घराबाहेर पडतो आणि परतच येत नाही. बाप म्हणजे आपले डॉ. लागू, आई उत्तरा बावकर, मोठी मुलगी शबाना आझमी. तिथे मुलगी बापाबद्दल विचार करत बसते, की हा माणूस आपल्याला कळला होता का? हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा. सांगलीच्या साहेबांनी तर नक्की पाहावा. आणि रविवारची वाट न बघता त्यांनी आजच फोन लावावा, असं मला मनापासून वाटतं. तिने सांगितलं नाही तर नाही. पण विचारावं.

*

हिंजवडी

वय २४. तुमच्या सगळ्यांहून लहान आहे, आणि चित्रपट अजून पाहिलेला नाही.

आमच्याकडे फोनवरचा ठिपका आहे. मी कुठे आहे ते बाबांना जळगावात बसून दिसतं. नोकरी लागली तेव्हा त्यांनीच मागितलं आणि मी हसत दिलं. माझी कॅब खोलीपाशी थांबली की ते झोपतात, असं आई सांगते. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं.

गेल्या मंगळवारी ठिपका नदीकाठी दोन तास एकाच जागी होता. मी एकटीच बसले होते. ऑफिसात फार वाईट दिवस गेला होता आणि खोलीवर रडता येत नव्हतं, तिथे आम्ही तिघी राहतो. सकाळी बाबांचा मेसेज आला, “गुड मॉर्निंग बेटा.” रोज येतो तसाच. पण त्यांनी ठिपका पाहिला होता. रात्री अडीचपर्यंत ते जागे होते, असं आईकडून कळलं.

तेव्हापासून आम्ही दोघंही हवापाण्याचं बोलतोय. ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. हा धागा काल रात्री सलग वाचला. लालबागच्या ताईंचं दोनदा वाचलं.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. बाबांना अजून कळवलेलं नाही. ठिपका भुसावळच्या दिशेने सरकताना दिसेलच त्यांना.